लिंबाजी मिस्त्री आणि छतातली काच

गाडी दुरुस्त करून दिली की लिंबाजी मिस्त्री तिचा पाठलाग करत. गिऱ्हाइकानं गाडी चालू केली आणि गॅरेजच्या फाटकातून बाहेर काढली, की मिस्त्री तेलकट हातांनीच आपली लुना ओढत, चार पायडल मारत आणि मागे लागत. मान वाकडी, डावा कान पुढे. वसमत संपून शेतं सुरू होईपर्यंत ते असे जात आणि आवाज मनासारखा वाटला तरच परत फिरत. नाही वाटला, तर हॉर्न वाजवून वाजवून गाडी थांबवत. लग्नाला निघालेलं एक अख्खं वऱ्हाड त्यांनी असं रस्त्यात उतरवून ठेवलं होतं आणि नवरदेव बाभळीखाली बाशिंग सांभाळत उभा होता, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली. नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी मी वसमतला बाळंतपणाचा दवाखाना काढला. जवळ एक जुनी जीप होती. एका दुपारी कुरुंद्याहून परत येताना आरशात पाहते तो एक मळक्या कपड्यांतला माणूस लुनावर माझ्या मागे. मी वेग वाढवला, त्यानंही वाढवला. माझा स्वभाव आधीच तापट. रस्त्याच्या मधोमध जीप उभी केली, खाली उतरले आणि विचारलं, "काय पाहिजे?"

"मला काय नगं," तो माणूस म्हणाला. "पर तुमचं मागचं डावं चाक मघापासून काय बोलून राहिलं, ते तुमाला आयकू येत न्हाई का?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यानं तिथंच जॅक लावला, चाक काढलं आणि आतलं बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्या गोळ्या झिजून वाटाण्यासारख्या झाल्या होत्या. त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात जे जे फिरतं, वाजतं किंवा तापतं, ते सगळं लिंबाजी मिस्त्रींच्या ताब्यात गेलं. जनरेटर त्यांचा, पाण्याची मोटर त्यांची, जीप तर त्यांचीच.

बसणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. चहा उभ्यानं, तोही अर्धा. उरलेला अर्धा कप कुठल्यातरी बॉनेटवर राहायचा आणि तिसऱ्या दिवशी सापडायचा. मिस्त्रीणबाई म्हणायच्या, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. झोपेत बी पाय हालवून राहतेत." माझ्या ओपीडीत आले तर बाकावर टेकायचे नाहीत, भिंतीवरच्या पंख्याकडे बघत उभे राहायचे आणि मी नाडी धरली की म्हणायचे, "आधी कान लावा बाई, मंग पाना लावा." मी सांगायचे की मी पाना लावत नाही, सुई लावते. त्यावर ते दवाखान्यातून तपासून न घेताच निघून जायचे.

त्यांचं आणखी एक बोलणं होतं : "गाडी खोटं न्हाई बोलत. मालक बोलतो." सेनगावचा एक जीपवाला एकदा खटखट आवाजाची तक्रार घेऊन आला. रिकामी जीप चालवली तर आवाज नाही. मिस्त्रींनी हळदीची पोती भरून पाहिली, तरी आवाज नाही. जीपवाला शपथेवर सांगत होता की मी कधी दहाच्या वर माणसं बसवत नाही. मिस्त्री म्हणाले, "पोत्यानं जीप बोलत न्हाई. रोज जितके भरतूस तितके भर." शेवटी अठरा माणसं भरली, मागच्या पायरीवर दोघं लोंबकळले आणि मिस्त्री स्वतः टपावर पालथे पडून सेनगावपर्यंत जाऊन आले. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचा रबरी बुश झिजलेला होता आणि तो अठराव्या माणसाशिवाय बोलतच नव्हता. जीपवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पुढे दोन हजार सालानंतर माझा एक मावसभाऊ परदेशी गेला आणि जाताना आपली मोटार मला देऊन गेला. पुण्याची गाडी, आत गारवा, मऊ गाद्या आणि छतात काच. बटण दाबलं की काच मागे सरकायची आणि आभाळ दिसायचं. भाऊ तिला सनरूफ म्हणायचा. आमच्या मराठवाड्यातल्या उन्हात डोक्यावर आभाळ कशाला हवं, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. मिस्त्रींनी मात्र गाडीभोवती तीन चकरा मारल्या, आत वाकून वर पाहिलं आणि त्यांना एकदम ओळख पटली.

"म्हंजी गाडीला सानं हाय की!"

आमच्याकडच्या जुन्या घरांना कौलं नसतात. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर हातभर पांढरी माती, हे आमचं माळवद. खाली उजेड यावा म्हणून मधे एक भोक ठेवतात, ते सानं. पावसात त्यावर पत्रा नाहीतर परात झाकायची. आणि माळवद गळायला लागलं की कुणी विचार करत बसत नाही. शिडी लावायची, वर चढायचं, आणखी चार टोपली पांढरी माती टाकायची आणि तुडवायची. शेकडो वर्षं हाच इलाज चालत आला आहे.

गाडी आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या दिव्याजवळून थेंब पडायला लागले. मिस्त्रींनी काचेभोवतीचं रबर दाबून पाहिलं. ते जरा सुकलं होतं. दिसलं ते कारण धरलं आणि त्यांनी काचेच्या चारी कडांनी सिलिकॉनचं जाड लुकण भरलं, बोटानं दाबून दाबून. काच आता उघडणार नव्हती, पण मला कुठं आभाळ बघायचं होतं? "बराबर झालं," ते म्हणाले. लुना घेऊन मागेही आले. पण त्या दिवशी ऊन होतं आणि कानाला ऐकू यावं असं त्यात काही नव्हतं.

श्रावणातला गुरुवार होता. दर गुरुवारी मी शिरड शहापूरला तपासणीला जायची. दुपारी चार-सव्वाचारला दवाखान्यातून कमल सिस्टरचा फोन आला. कुरुंद्याची एक बाई आली आहे, पोटात कळा, रक्त जातंय, लगेच निघा. मी निघाले. पाऊस धो धो. अर्ध्या वाटेवर एक बकऱ्यांचा कळप रस्त्यात आला, मी ब्रेक दाबला आणि छताच्या कापडावर कधीपासून साठलेलं पाणी एका लोंढ्यानं पुढे आलं. थोडं माझ्या अंगावर, बाकीचं पुढच्या काचेशेजारच्या खांबातून खाली, फ्यूजच्या पेटीत. गाडी तिथंच मेली. मी पावसात उभी राहिले. एक टेम्पो थांबेना, दुसरा थांबेना. शेवटी एका दूधवाल्याच्या गाडीत कॅनच्या मधे बसून दवाखान्यात पोचले, पाऊण तास उशिरा.

बाई वाचली. बाळ मेलेलं आलं. पहिलंच होतं.

हात धुऊन बाहेर पडवीत आले, तर मिस्त्री उभे. गाडी कुणाच्यातरी ट्रॅक्टरला बांधून ओढून आणली होती आणि नखशिखांत भिजले होते. बाईची सासू, नवरा, दोन दीर, सगळे तिथंच भिंतीला टेकून बसलेले. माझ्या अंगात अजून तो पाऊण तास धावत होता. मी मिस्त्रींना सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या कामामुळे या बाईचं बाळ गेलं, मिस्त्री."

ते हातातल्या चिंधीला हात पुसत राहिले. हात तर पावसानं स्वच्छच झाले होते.

आत जाऊन मी केसपेपर लिहायला घेतला. वर कमल सिस्टरचं अक्षर होतं. बाई आल्याबरोबर तिनं तपासलं होतं आणि लिहिलं होतं : बाळाचे ठोके ऐकू येत नाहीत. पुढे वेळ घातली होती. मला फोन करण्याच्या दहा मिनिटं आधीची. घाईत तिनं ते फोनवर सांगितलं नव्हतं, एवढंच. मी शिरडहून पाऊल उचलण्याआधीच बाळ गेलेलं होतं. विमान असतं तरी काही झालं नसतं.

मी उठून बाहेर आले. मिस्त्री गेले होते. उद्या सांगू, असं मी ठरवलं.

उद्या सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे इथं स्वच्छ लिहिते. बाईच्या घरच्यांनी उशिराचा राग माझ्यावर काढला नव्हता. त्यांना बोट दाखवायला मिस्त्री मिळाले होते. मी शब्द मागे घेतला असता तर सगळं पुन्हा उगाळलं गेलं असतं. दवाखान्याचं नाव जपणारी मी, मला ते नको होतं. दुसऱ्याच्या अंगावर पडलेला दोष मला सोयीचा होता आणि रोज सकाळी मला त्याची लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून गॅरेजमध्ये गेले. गाडीच्या छताचं आतलं कापड खाली उतरवून ठेवलेलं, सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढलेलं, काच मागे सरकवलेली, आणि मिस्त्री टपावर पालथे, हातात विजेरी. दाढी वाढली होती. बाजूच्या चहाच्या कपात माशी पडली होती.

"म्याडम, ह्ये गाडी बनवनारा येडा नव्हता," ते वरूनच म्हणाले. "हे बघा, काचेच्या भवताली खाच हाय. पानी काय रबरानं सगळं थांबत न्हाई, थोडं आत येनारच, हे त्याला ठावं व्हतं. म्हून त्यानं पान्यासाठी खाच केली. मी त्याच्यावर माती लिपली."

त्यांनी तांब्यानं खाचेत पाणी ओतलं. पाणी तिथंच उभं राहिलं, हललं नाही.

"आता बघा. आत आलेलं पानी जाऊन कुठं राहिलं? वाट तर असंलच ना? दोन दिवस झाले हुडकून राहिलो."

"कंपनीच्या माणसांना बोलवू या," मी म्हणाले. नांदेडला फोन केला होता. ते म्हणत होते, अख्खं छत बदलावं लागेल.

मिस्त्री टपावरून खाली उतरले. माझ्यासमोर उभे राहिले, पण डोळे गाडीवर. "बाई, ह्ये गाडीनं आता पुन्हा पानी धरलं, तर मी पाना हाती न्हाई धरनार. सांगून ठेवतो." आणि पुन्हा वर चढले. बाळ आधीच गेलं होतं, हे सांगायला मी गेले होते. त्यांची पाठ पाहून परत आले.

वाट त्यांना सापडली ती कुरुंद्यात, त्यांच्या जुन्या घरी. पाऊस लागून राहिला होता आणि त्यांच्या आईनं निरोप पाठवला होता की चुलीवर पाणी गळतंय. मिस्त्री गेले आणि सवयीप्रमाणे मातीचं टोपलं घेऊन माळवदावर चढायला लागले. म्हातारी खालून ओरडली, "माती काहून टाकतूस मेल्या, आदी पन्हाळ बघ की!" माळवदाच्या कडेला पाणी बाहेर पडायला पन्हाळ असते. तिच्यात लिंबाचा पाला अडकून वर तळं झालं होतं. मिस्त्रींनी पाला काढला, धबाबा पाणी गेलं आणि ते टोपलं तिथंच टाकून लुनावर बसले. म्हातारी मागून विचारतच राहिली की जेवून का जात नाहीस.

काचेभोवतीच्या खाचेच्या चारी कोपऱ्यांत करंगळीपेक्षा बारीक भोकं होती, पाणी खाली नेणाऱ्या नळ्यांची तोंडं. दोन दिवस ती दिसली नव्हती, कारण ती खाचेच्याच रंगाच्या चिखलानं बुजली होती. मिस्त्रींनी तो चिखल नखानं उकरला आणि नाकाशी नेला.

हळद होती. माझ्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एका अडत्याची शेड. होळीपासून तिथं लोखंडी पिंपं फिरतात, हळकुंडं घासून चकचकीत करतात आणि पिवळा धुरळा सगळीकडे बसतो. पडद्यांवर, सिस्टरच्या टोपीवर, माझ्या डब्यातल्या पोळीवर. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. गाडी रोज तिथंच उभी. उन्हाळाभर धुरळा खाचेत साठला, पाऊस पडल्यावर त्याचा गारा झाला आणि नळ्यांच्या तोंडाशी बसला. पुण्यात गाडी बनवून विकणाऱ्याच्या स्वप्नातसुद्धा हळद आली नसणार.

नळ्या छताच्या कोपऱ्यांतून खांबांच्या पोटातून उतरून दाराच्या बिजागरीपाशी बाहेर पडत होत्या. त्यांनी तार घातली नाही, नळी फाटेल म्हणून. हवेचा जोरही मारला नाही, आत सांधा निसटेल म्हणून. तळ्यावरच्या एका कोळ्याकडून मासे धरायचा नायलॉनचा जाड तंगूस मागून आणला आणि तो फिरवत फिरवत एकेक नळी मोकळी केली. एका कोपऱ्याला पाऊण तास. पुढची डावी नळी शेवटी सुटली तेव्हा दाराखालून पिवळंधमक पाणी आलं आणि गॅरेजच्या फरशीवर पसरलं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मिस्त्री, गाडीचं लगीन लावलं काय?" मिस्त्री हसले नाहीत.

मग त्यांनी मला गाडीत बसवलं. काच लावली, वरून पाण्याचा पाइप सोडला, पाव तास. बिजागरीपाशी चारी बाजूंनी पाणी ठिबकत खाली जात होतं आणि मी आत कोरडी. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. मला उताराच्या रस्त्यावर नेलं आणि दहा वेळा करकचून ब्रेक मारायला लावला. प्रत्येक ब्रेकला ते वर बघत होते. दहाव्यांदा गाडी थांबली, इंजिन बंद केलं. आता सांगायचं, असं मी ठरवलं.

"मिस्त्री, त्या दिवशी..."

"बोला."

"...पाणी आता बरोबर उतरतंय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. इतका वेळ एका जागी स्थिर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आजून काय म्हनायचंय का, बाई?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानंतर सहा पावसाळे गेले. प्रत्येक पावसाळ्याच्या आधी, आणि पाऊस लागला की दर पंधरा दिवसांनी, मिस्त्री न बोलावता दवाखान्यात यायचे. खिशात तंगुसाचं वेटोळं, हातात तांब्या. चारी कोपरे मोकळे करायचे, पाणी ओतून बघायचे, बिजागरीखाली हात धरायचे. काम संपल्यावर एरवी पळणारा हा माणूस पडवीत जरा रेंगाळायचा. एक पाय पायरीवर, एक खाली. "आजून काय, बाई?" मी म्हणायचे, चहा घ्या. ते म्हणायचे, नको. आणि जायचे. ते गेल्यावर मला दहा मिनिटं कुठल्याच पेशंटकडे नीट लक्ष देता यायचं नाही. ड्रॉवर उघडायचे, मिटायचे. मधल्या काळात ती कुरुंद्याची बाई दोनदा बाळंत झाली, एक मुलगी आणि एक मुलगा, दोन्ही माझ्याच हातांनी. मुलगी झाली तेव्हा मिस्त्री पेढे घेऊन आले होते. कुणाचे कोण, पण आणले. तेव्हाही मी पेढा खाल्ला आणि चहाच विचारला.

मग त्यांच्या छातीनं दगा दिला. आयुष्यभर धूर आणि पेट्रोल ओढलेली फुप्फुसं. नांदेडला दाखवून झालं, मीही रिपोर्ट पाहिले, आणि त्यांना कुरुंद्याला घरी आणलं. मी भेटायला गेले. पाऊस होता. दारात गाडी थांबवून आत आले तर खाटेवरून बारीक आवाज आला, "पुढच्या उजव्या बाजूचा वायपर रडून राहिलाय." मिस्त्रीणबाई चहा टाकायला आत गेल्या. खाटेवर ते पडलेले होते आणि पाय हलत नव्हते. 

मी खाटेच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं. ते बाळ तुमच्यामुळे गेलं नव्हतं, मिस्त्री. मी निघायच्या आधीच गेलं होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. मी खोटी पडेन म्हणून नाही सांगितलं.

ते तुळयांकडे बघत होते. बोलण्याआधी त्यांना दम गोळा करावा लागला.

"ठावं हाय," ते म्हणाले. "कमलबाईनं दुसऱ्याच दिशी सांगितलं व्हतं मला."

मी विचारलं, "मग सहा वर्षं दर पावसाळ्यात का येत होतात?"

"गाडीचं काम माझं चुकलं व्हतं. बाळ न्हाई, पर गाडी तर माझ्याचमुळं बंद पडली ना. ते तर करायचंच व्हतं." पुन्हा दम. "आन् काम झाल्यावर जरा थांबून राहायचो. वाटायचं, आज सांगतील बाई."

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी माझ्या हातावर दोन बोटं टेकवली, आणि म्हणाले, "बरं झालं बोललात. आता निघा, पाऊस वाढून राहिलाय. पेशंट बसले असतील."

दिवाळीच्या आधी ते गेले. माझ्याकडे त्यांचं काही मागणं होतं, हे मला सहा वर्षं कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. कळत होतं. एका वाक्यासाठी तो माणूस माझ्या पायरीवर उभा राहायचा, आणि मी दर वेळी त्याला चहा विचारला.